ललिताबाईंनी भरलेलं तळं

ललिताबाईंचा जन्म अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यातला. तिकडच्या विहिरीचं पाणी नुसतं दिसायला पाणी, तोंडात घेतलं की खारट. गोड पाण्याचा टँकर आला की सारं गाव हातातलं टाकून धावायचं. त्यांची आई पार्बताबाई चुलीवरची भाकर करपू द्यायची, पण हंडा रिकामा राहू द्यायची नाही. "पानी आलं का आदी भर, मंग इचार कर," असं तिनं पोरीला शिकवलं आणि पोरगी ते उभ्या जन्मात विसरली नाही. लग्न होऊन चांदूर रेल्वेच्या सरकारी क्वार्टरात आली, तरी पहाटेपासून हिचा एक कान नळाकडे. नळ चालू आहे आणि घरात एखादा गडवा रिकामा आहे, हे तिला बघवायचंच नाही. शेजारणी हसायच्या. हसेनात का बापड्या, त्यांच्या माहेरी गोड पाणी होतं.

नवरा श्रावणराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. माणूस हुशार, मनानं सोन्यासारखा, पण तोंडानं फटकळ. भाजीत मीठ जरा जास्त पडलं की सुरू, "काहून वं, माहेरची विहीर ओतली का यात?" ललिताबाई दोन दिवस बोलायच्या नाहीत, तिसऱ्या दिवशी हेच तिच्या मागे मागे फिरून चहा मागायचे. असा संसार चाळीस वर्षं चालला आणि बरा चालला.

निवृत्तीनंतर अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत घर झालं. मागं बागेपुरती जागा होती. ललिताबाईंना तिथं मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, चार वांगी लावायची होती. श्रावणरावांच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. नोकरीत असताना कुठल्याशा बंगल्यावर त्यांनी कोई मासे पाहिले होते. जपानी मासे, हातभर लांब, पांढऱ्या अंगावर लालभडक ठिपके, माणसाच्या हातून खाणारे. तेव्हापासून ते वेड डोक्यात बसलं होतं.

"जलमभर दुसऱ्याच्या वावरात पानी नेलं, तेही कागदावर," ते म्हणाले. "आता एक तळं आपल्या घरी."

मग काय, जेवायच्या टेबलावर नकाशे पसरले आणि ललिताबाईंनी ताटं मांडीवर घ्यायला सुरुवात केली. एक आराखडा झाला, फाटला, दुसरा झाला, तोही फाटला. खोली पुरुषभर हवी, कारण आपल्या उन्हात वरचं पाणी तापतं, माशाला खाली थंड जागा पाहिजे. तळ मधोमध उतरता, म्हणजे घाण एका भोकाशी गोळा होईल. बाजूला पाणी गाळायची कुंडी, त्यातून काळ्या दगडांवरून उतरणारी धार, पाण्यात दिवे, अर्ध्या तळ्यावर मधुमालतीचा मांडव. बांधायला बार्शीटाकळीचा जहीर मिस्त्री आला. मशिदींचे हौद बांधण्यात त्याची हयात गेलेली. दोघं रोज कडाकडा भांडायचे आणि रोज एकाच थर्मासातला चहा प्यायचे. काठावर ग्रॅनाइटचा रुंद कट्टा झाला तेव्हा श्रावणरावांनी बायकोला त्यावर बसवून पाहिलं, पाय टेकतात की नाही ते बघितलं आणि जहीरला कट्टा चार बोटं उतरवायला लावला. तिचे गुडघे दुखायचे ना. तोंडानं मात्र एवढंच म्हणाले, "उंच दिसत होता लेकाचा."

एक नियम त्यांनी तिला पहिल्याच दिवशी बजावला. "नळाचं पानी सरकं तळ्यात सोडू नको. त्यात जंतू मारायचं औषध असते. आदी टाकीत दोन दिवस ठेवाचं, मंग तळ्यात."

"मानसं पितात अन् मासोया मरतात होय?" ललिताबाई हसल्या.

"मरतात. आयक माह्यं."

मासे आले. त्यातल्या सगळ्यात जाड्या, सोनेरी माशाचं नाव श्रावणरावांनी 'डेप्युटी साहेब' ठेवलं, कारण तो काम न करता सगळ्यात आधी खायला यायचा. संध्याकाळी दिवे लागले की दोघं कट्ट्यावर बसायची. शेजारच्या रजियाबी भिंतीवरून म्हणायच्या, "क्या ललिताबाई, राजमहाल हो गया तुम्हारा तो." आणि खरं सांगायचं तर ललिताबाईंना आता मेथीची आठवणही येत नव्हती.

दिवाळीनंतर एका सकाळी श्रावणराव न्हाणीत पडले. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. साधं होय-नाही विचारलं तरी मान एकदा अशी हले, एकदा तशी. डॉक्टर म्हणाले, कळतं त्यांना सगळं, सांगता येत नाही. ललिताबाईंनी पलंग मागच्या खिडकीशी लावला. दिवसभर ते तळं बघायचे. 'डेप्युटी साहेब' वर आला की डोळ्यांत हसू यायचं. घरात दुसरं काही उरलं नव्हतं, ते एवढं हसू टिकलं पाहिजे, यासाठीच त्या माउलीची सारी धडपड होती.

मग उन्हाळा लागला. बोअर आटली. तशात मोठी पाइपलाइन फुटली आणि आठवडा उलटला तरी नळ आले नाहीत. टाकीतलं मुरलेलं पाणी संपलं. तळं रोज खाली जात होतं, धार बंद पडली होती, मासे वर येऊन तोंडं उघडत होते. श्रावणराव खिडकीतून डावा हात तळ्याकडे करत राहायचे. "हो जी, पायते मी," ललिताबाई म्हणायच्या आणि आत जाऊन रडायच्या.

एका पहाटे रजियाबींची हाक आली, "ललिताबाई, नल आए!" आणि काय जोर होता पाण्याला. हंडे भरले, बादल्या, कूलर, पिंप, टाकी, सगळं भरलं. पाणी अजून येतच होतं. ललिताबाई अंगणात नळी हातात धरून उभ्या राहिल्या. समोर अर्धं रिकामं तळं, त्यात तडफडणारे मासे आणि हातात वाहतं पाणी. नवऱ्याचं सांगणं त्यांना त्या घडीला आठवलंच नाही. त्यांनी नळी तळ्यात सोडली.

खिडकीत श्रावणराव डावा हात जोरजोरानं हलवत होते. गजांवर आपटत होते. घशातून "आ, आ" असा आवाज काढत होते. इतक्या महिन्यांत त्यांनी इतका आवाज कधी काढला नव्हता. ललिताबाईंना वाटलं, आनंद झाला माणसाला. त्यांनीही हसून हात हलवला.

"भरते जी, भरते! काठोकाठ भरते!"

आणि खरंच त्यांनी काठोकाठ भरलं. आठवड्यानं सोडलेल्या त्या पाण्यात औषधाचा असा उग्र वास होता, पण त्या बाईला तो स्वच्छ पाण्याचा वास वाटला. दुपारपर्यंत एकेक मासा आडवा होऊन वर आला. शेवटी 'डेप्युटी साहेब'. तेव्हा कुठे त्यांना नवऱ्याचं बोलणं आठवलं आणि सकाळचा तो हलणारा हातही कळला. त्या कट्ट्यावर मटकन बसल्या.

रजियाबींनी येऊन मासे काढले, मधुमालतीखाली पुरले. ललिताबाई पलंगापाशी गेल्या. "माह्या हातानं झालं जी," त्या म्हणाल्या. "तुमी सांगून राहिले होते अन् मी हसून राहिली होती." श्रावणरावांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ते खिडकीकडे वळले नाहीत. रागानं की दुःखानं, की तिची लाज आपल्या नजरेला पडू नये म्हणून, कोण सांगणार?

चाळीस वर्षं ज्या तोंडाला बाई वैतागली, त्या तोंडातून एक शिवी ऐकायला आता तिचा जीव तुटतो. रोज दुपारी ती दूध-भाकर कुस्करते, भिंतीच्या बाजूनं पलंगावर चढून बसते आणि तेच विचारते, "रागावले का जी माह्यावर?"

श्रावणराव तोंड उघडतात. ललिताबाईंचा हात घासासकट तिथंच थांबतो, त्या श्वास रोखून वाट बघतात.

ते घासाची वाट बघत असतात.