रेणुकाईला मागायचं तरी काय?

सोमवारी सुट्टी टाकून गावी, पिंपळगाव रेणुकाईला गेलो होतो... आणि मंगळवारी मायसोबत देवळात गेल्यावर पार तोंडघशी पडलो.

माझा धाकटा भाऊ संतोष आखातात एसी मेकॅनिक आहे. त्याच्या क्वार्टरपासून जवळच एका परक्या देशाच्या फौजेचा मोठा तळ आहे. दोन्ही देशांचा करार आहे, संकट आलं तर ही फौज संतोष राहतो त्या देशाला वाचवणार.

तो निघाला तेव्हा मायनं रडून रडून डोळे सुजवले होते. मीच तिला समजावलं, कारण घरात जगाच्या राजकारणाचा ठेका माझ्याकडे! म्हणालो, एवढी मोठी फौज शेजारी असताना त्याच्याकडं वाकड्या नजरेनं बघायची कुणाची टाप आहे?

मायनं ते घट्ट धरून ठेवलं. तेव्हापासून दर मंगळवारी ती संतोषसोबत त्या फौजेसाठीही मागते... 'त्या परमुलखातल्या लेकरायला तिथंच ठिव माय, हलू देऊ नको.' नवीन जालन्यातल्या माझ्या ऑफिसात हे सांगून मी लोकांना हसवलंय, खोटं कशाला बोलू.

पण सध्या तिकडचं वातावरण बिघडलंय, त्यांच्या शेजारच्या एका देशाशी तणातणी चाललीय. सोमवारी संतोषचा व्हिडिओ कॉल आला, चेहरा उतरलेला. 'दादा, सगळे म्हणून राह्यले, काही झालं तर पहिला नेम या तळावरच.' माय माझ्या मागंच उभी होती... मला पत्ताच नाही.

मंगळवारी नारळ घेऊन रांगेत उभे होतो. मायनं एकदम विचारलं, 'संतोषच्या तिकडचा तो शेजारचा देश अणुबॉम्बच्या मागं लागलाय म्हणतेत, ते कशापायी?'

मला तर असलं कुणी विचारायचीच खोटी! सांगितलं, दाराशी परकी फौज बसलीय म्हणून तो घाबरलाय, बॉम्ब असला की आपल्याला कुणी हात लावणार नाही असं त्याला वाटतं.

'मंग फौज गेली तर?'

म्हटलं, गेली तर संतोष राहतो तो देश उघडा पडेल. मग तोही म्हणणार, आता आपलाही बॉम्ब पाहिजे.

माय म्हणाली, 'म्हंजे राह्यली तरी बॉम्ब, गेली तरी बॉम्ब... मंग मी देवीला काय मागू? राहू दे म्हणू का जाऊ दे म्हणू?'

रोज व्हॉट्सॲप ग्रुपवर तावातावानं भांडणारा मी... पुढं रांग किती उरली ते बघू लागलो. शेवटी म्हणालो, 'संतोषला सुखरूप ठेव म्हण.'

'ते तर रोजच म्हणते रे. पण कशानं राहील सुखरूप, ते तिला सांगावं लागल ना?'

तेवढ्यात आमचा नंबर आला. पुजाऱ्यानं नारळ घेतला, मायनं हात जोडले आणि लगेच बाजूला झाली. एरवी तिला तिथून हलवावं लागतं.

बाहेर आल्यावर विचारलं, काय मागितलंस?

'काहीच न्हाई,' ती चप्पल घालत म्हणाली. 'चुकीचं मागितलं अन् तिनं दिलं तर?'

तिला धीर मीच दिला होता, आणि शहाणपणा करून मीच काढून घेतला... बदल्यात द्यायला माझ्याकडं काहीच नाही.