नाव तेवढं राहिलं

उधन्यातल्या त्या घड्याळाच्या दुकानात मी एकदाच गेलो, सेल बदलायला. दुकानदार काका एका जागी बसतच नव्हते. पुसलेली काच पुन्हा पुसायचे, उठून रस्ता बघायचे. दुकान विकलं होतं आणि घेणारा माणूस किल्ल्या न्यायला येणार होता. काकांच्या मुलांना या धंद्यात यायचं नव्हतं.

भिंतीवर एका स्विस कंपनीचं जुनं चित्र होतं. बर्फातलं घर, दारात बाप आणि मुलं.

"हे कोण?" मी विचारलं.

"कंपनी काढणारे. शेतकरीच होते, भाऊ. बर्फ पडलं की शेत बंद. मग सगळं घर खिडकीशी बसून सुटे भाग जोडून घड्याळं बनवायचं. माझे वडीलही धुळ्याकडचं शेत सोडूनच इथे आले." ते पुन्हा उठले. "आता त्या कंपनीत त्या घरातलं कोणी नाही. लोकांना वाटतं, अजून तेच बनवतात."

तेवढ्यात तो माणूस आला. किल्ल्या घेत म्हणाला, "काका, तुमच्या वडिलांच्या नावाची पाटी राहू द्या. गिऱ्हाईक नावावर येतं."

काकांचा हात काचेवर थांबला. "राहू दे. पण कोणी विचारलं तर खरं सांग."

"कोण विचारतंय, काका?"

काका पायऱ्या उतरले, थोडं चालले आणि परत येऊन दुकानासमोर उभे राहिले. माझं घड्याळ चालू झालं होतं, तरी माझाही पाय निघेना. एक बाई आली. पाटी वाचून तिने काकांनाच विचारलं, "हे दुकान तुमचंच ना?"

काकांनी पाटीकडे पाहिलं.

"होतं, ताई. आत जा, ते करून देतील."