कारभारींचा वाकडा पत्रा

मी आयुष्यात तंबूत एकदाच झोपलो होतो, आणि तो तंबू दवाखान्याचा होता. कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिराला गेलो, पहिल्याच संध्याकाळी ताप भरला आणि उरलेले नऊ दिवस औषधांच्या वासात लोखंडी खाटेवर काढले. एवढ्या भांडवलावर मी वाळूजच्या आमच्या कंपनीत पंचवीस वर्षं पट्टीचा गिर्यारोहक म्हणून मिरवलो. नवे ट्रेनी आले की कॅन्टीनमध्ये माझी कहाणी एकेका किल्ल्याने वाढायची. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळसूबाईच्या माथ्यावर चंद्राच्या उजेडात मी नकाशा कसा वाचला, हा प्रसंग तर इतक्या वेळा सांगितला की तो मलाच खरा वाटायला लागला होता. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनी झाली. लोकांच्या जमिनी कागदावर लिहिल्या, त्या जमिनीवर पथारी कुणी टाकली नाही. पण हे कॅन्टीनला सांगायची गरज कधी पडली नाही.

या गोष्टी सगळ्यात लक्ष देऊन ऐकायचे ते कारभारी. प्रेस शॉपमधले ऑपरेटर. मी क्वालिटीचा साहेब, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा पगार घेणारा. कारभारींच्या मशीनवर मात्र मला खोट सापडायची नाही. त्यांची एक पद्धत होती. मशीनवरची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलली की ते पहिला नग चांगल्या पत्र्याचा काढत नसत. भंगाराच्या पेटीत हात घालून एखादा वाकडा, पोचे आलेला पत्रा शोधून आणायचे आणि आधी तो घालायचे. मी एकदा कारण विचारलं.

"साहेब, वाकडा पत्रा नीट बसला, तर सरळ पत्र्याची काळजीच नाय," ते म्हणाले. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

कारभारी बजाजनगरात एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहत. त्यांची वस्ती देवगाव रंगारीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. तिथं त्यांची बायको आवडाबाई शेत आणि सासूसासरे सांभाळत होती. शिफ्ट सारखी बदलायची, रोज ये-जा जमण्यासारखी नव्हती, म्हणून कारभारी आठवड्याच्या सुट्टीला घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने परत. बावीस वर्षं हेच चाललं. गेल्या साली प्रेस शॉपमध्ये नवीन मशिनी आल्या, जुन्या माणसांना पैसे घेऊन नोकरी सोडायची मुभा मिळाली, तेव्हा अर्ज करणाऱ्यांत कारभारी पहिले होते. निरोपाच्या दिवशी ते मला म्हणाले, "साहेब, नदीकाठचा आमचा तुकडा नुसता खडक हाय. तिथं तंबू टाकावं म्हणतो. तुमच्या गोष्टी ऐकून डोस्क्यात आलं." मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि आतून जरासा हबकलो.

पाच तंबू उभे राहिले. वस्तीवर ठरलं ते असं, की होळीपर्यंत वाट बघायची. तोवर माणसं यायला लागली नाहीत तर तंबू गुंडाळायचे आणि कारभारींनी पुन्हा वाळूजला जायचं. तिथं एका ठेकेदाराकडे वॉचमनची जागा होती, राहायला खोलीसकट. त्याच सुमारास आमच्या कंपनीच्या सहलीचं चाललं होतं. चाळीस माणसं, फेब्रुवारीत, जागा ठरायची होती. मी समितीवर. कारभारींचा फोन आला, "आधी तुमी येऊन ऱ्हावा साहेब. तुमच्यासारखा माणूस पास म्हणला की मला घोर नाय." माझी छाती दोन इंच फुगली. तुमच्यासारखा म्हणजे कसा, हे विचारायचं मला सुचलं नाही.

तर संक्रांतीनंतरच्या शनिवारी मी आणि माझी बायको भानुमती निघालो. मी नवे बूट, बारा खिशांची पँट आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात. भानुमतीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "शिट्टी कशाला? वाघ आला तर त्याला फाऊल देणार का?" कन्नडच्या रस्त्याने आत वळलो तशी झाडं विरळ झाली. डोंगर उघडे, गवत पिवळं पडलेलं, सागाची पानं गळून गेलेली. नदी म्हणजे गुडघाभर पाण्याचा एक डोह आणि बाकी सगळी वाळू नि गोटे. पण जागा छान होती, हे मला गाडीतून उतरताच कळलं. ते बोलून दाखवलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

तंबू एका ओळीत, टेप लावून आखल्यासारखे. मी पहिल्यात वाकून शिरलो आणि गुडघा आपटला. आत बाज होती. बाजेवर गादी, गादीवर दोन गोधड्या, उशाला पाण्याचा तांब्या. पाचही तंबूंत तेच. बाहेर आलो तोवर आवडाबाई चहा घेऊन उभ्या. चहा संपतो न संपतो तो हुरडा. हुरड्यामागून शेजारच्या वस्त्यांवरची बोलावणी, एकेक करून चार घरी चहा. पाच वाजेस्तोवर मला नदीकडे पाठ करून लोकांच्या ओसऱ्यांवर बसण्यापलीकडे काही करता आलं नव्हतं.

मी खिशातून चेकलिस्ट काढली. एकोणीस त्रुटी निघाल्या. चौदावी होती, "यजमान फार जवळ वावरतात." ती मी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कारभारी हात बांधून ऐकत होते, मशीनसमोर उभे असल्यासारखे.

"कारभारी, ही हुरडा पार्टी नाही," मी म्हणालो. "कॅम्पिंग म्हणजे माणसाला निसर्गासोबत एकटं सोडायचं. तंबू त्याने ठोकायचा, चूल त्याने मांडायची, स्वयंपाकही त्यानेच करायचा."

आवडाबाईंनी पदर तोंडाला लावला. "पाव्हण्याला एकटं सोडायचं? आन् वर त्यालाच चुलीपुढं बसवायचं? गाव शेण घालंल की आमच्या तोंडात!"

"साहेबांनी लिवलंय, तसं करायचं," कारभारी म्हणाले. त्यांनी बाज बाहेर काढली, एक तंबू उपटून गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. तांदूळ, डाळ, पातेलं, सरपण आणून ठेवलं.

"आता सकाळपर्यंत बांधाच्या अलीकडे कुणी फिरकायचं नाही," मी हुकूम सोडला. शेताचा उंच बांध तंबूंपासून हाकेच्या अंतरावर होता. दोघं बांधापलीकडे निघून गेली.

मी तंबूसाठी डोहाकाठची वाळू निवडली, कारण ती मऊ होती. वाळूत खिळा ठोकायला फार सोपा असतो. तो निघतोही तितक्याच सोपेपणी. चार खिळे ठोकले, पाचवा ठोकेपर्यंत पहिले दोन बाहेर आलेले असायचे. दिवस कलला तसा डोंगरावरून वारा सुटला. तंबूने एकदा श्वास घेतल्यासारखं केलं आणि मला सोडून गेला. वाळूवरून लोळत, गोट्यांवर आपटत तो थेट बांधाजवळच्या बाभळीत जाऊन अडकला. मी मागे धावलो. नवे बूट डोहात भिजले आणि का कुणास ठाऊक, मी शिट्टी वाजवली.

चुलीची कथा वेगळी सांगत नाही. काड्यांची पेटी संपली, भानुमतीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि खिचडी झाली ती खालून करपलेली, मधे कच्ची, वर नुसतं पाणी. भानुमतीने डावाने ती तीन थरांत वेगळी करून दाखवली. मग तिला हसू आवरेना.

"अहो, कळसूबाईला काय खाल्लं होतंत?"

"बिस्किटं," मी म्हणालो. त्यातल्या त्यात पटण्यासारखं तेच होतं.

आठ वाजले. पोटात कावळे ओरडत होते. भानुमती म्हणाली, "चला, वस्तीवर जाऊ. ती माउली दोन भाकरी सहज देईल."

"नाही जायचं. आपण उठून गेलो तर इथं कुणी टिकत नाही, असं होईल. कारभारी वाळूजला जातील." हे खरंच होतं. पण माझी फजिती आवडाबाईंना दिसू नये, हेही तेवढंच खरं होतं, आणि भानुमतीला ते न सांगता कळलं.

निदान तंबू तरी सोडवून आणावा म्हणून आम्ही टॉर्च घेऊन बाभळीकडे गेलो. बांधावर उजेड पडला आणि मी दचकलो. पलीकडच्या उताराला कारभारी आणि आवडाबाई घोंगडी पांघरून, आमच्याकडे पाठ करून बसले होते. दोघांच्या मधे फडक्याने झाकलेली दुरडी होती.

"कारभारी? इथं काय करताय?"

ते उभे राहिले. "बांध वलांडला नाय साहेब. पलीकडंच हावोत."

"पण कधीपासून?"

"दिवस बुडाल्यापासनं."

भानुमतीने थेट आवडाबाईंना विचारलं, "जेवलात का?"

"पाव्हणं जेवल्याबिगर कसं जेवावं, ताई? धूर आला तवा वाटलं, आता बसतील जेवायला. मंग करपल्याचा वास आला. म्हणलं, आज काय खरं नाय."

मला खाली बघावंसं वाटलं. सकाळपर्यंत फिरकू नका, असं मी ऐटीत सांगितलं होतं. पाहुण्याच्या आधी यजमान जेवत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझ्या त्या हुकुमामुळे दोन माणसं थंडीत उपाशी बसतील, हे डोक्यातच आलं नाही.

"निदान तुम्ही तरी घरी जाऊन जेवायचं होतं," भानुमती आवडाबाईंना म्हणाली.

"ह्ये तुमच्यासाठी थांबले, मी ह्यांच्यासाठी." आवडाबाईंनी दुरडीवरचं फडकं नीट केलं. "एकटीनं जेवायची मला लई सवय हाय, ताई. बावीस वर्षं जेवले. सुट्टीच्या दिवशी काय ती दोन ताटं मांडायची, तीबी घाईघाईत. आता नगं वाटतं. होळीनंतर ह्ये वाळूजला गेले की पुन्हा तेच हाय." त्या माझ्याकडे वळल्या. "साहेब, लिवताना ध्यानात ठेवा. आमचं काय चुकलं असंल तर सांगा, आमी नीट करू."

मला वाटत होतं, तंबूंचं हे खूळ आवडाबाईंना नको आहे. ते टिकावं म्हणून सगळ्यात जास्त जीव त्यांचाच तुटत होता. मी म्हणालो, "वहिनी, बांधाच्या अलीकडे या. आधी जेवू."

चौघांनी डोहाकाठी बसून खाल्लं. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. भाकरी गार झाल्या होत्या, म्हणून कारभारींनी चूल एका काडीत पेटवली आणि मी तिकडे बघायचं टाळलं. आवडाबाई आणि कारभारी एकाच परातीत जेवले. मी चार भाकरी खाल्ल्या. मग कारभारींनी तंबू बाभळीतून काढला, वाऱ्याच्या आडोशाला मुरमाड जागेवर पाच मिनिटांत उभा केला. बाज आणू का, म्हणाले. मी नको म्हणालो. जमिनीवर गोधडी टाकून आम्ही झोपलो, आणि मला चक्क गाढ झोप लागली.

सकाळी डोहावर टिटव्या ओरडत होत्या. भानुमती आधीच पाण्यात पाय सोडून बसली होती आणि घरी चला म्हणत नव्हती. मी कारभारींना बाजूला घेतलं आणि सगळं ओकून टाकलं. एनसीसीचा ताप, खाट, एकही किल्ला न चढणं, सगळं.

"म्हाईत हाय की साहेब," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"सुरुवातीपासनं. लक्ष्मीपूजनाला अमावस्या असती. चंद्र कुठून आणला तुमी?"

पंचवीस वर्षं प्रेस शॉपमधल्या प्रत्येक शेतकऱ्याने ही गोष्ट ऐकली होती. म्हणजे माझी थाप प्रत्येकालाच कळली होती. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मग मला कशाला बोलावलंत, कारभारी? जाणकार माणूस बघायचा ना."

कारभारी अवघडले. पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत म्हणाले, "आता कसं सांगावं साहेब. आधी वाकडा पत्रा घालायची सवय हाय ना मला. तुमी रात्रभर टिकला, तर कुणीबी टिकंल."

भानुमती इतकी हसली की टिटव्या उडाल्या. मीही हसलो, जरा उशिराने. क्वालिटीच्या माणसाला याहून चोख तपासणी सुचली नसती, आणि मी तिच्यात पास झालो होतो. मी एकोणीस त्रुटींपैकी अठरा खोडल्या. संडासाची कडी सैल होती, तेवढी ठेवली. चौदाव्या त्रुटीवर काट मारून तिच्यापुढे लिहिलं, "यजमान पाहुण्यांबरोबर जेवतात. यात बदल करू नये."

फेब्रुवारीत चाळीस माणसं गेली. त्यातली बरीच नंतर आपापली घरची मंडळी घेऊन पुन्हा गेली, आणि त्यांनी आणखी लोकांना सांगितलं. ठेकेदाराला दुसरा वॉचमन शोधावा लागला.

होळीच्या दिवशी दुपारी, काय ठरलं ते विचारावं म्हणून मी कारभारींना फोन केला.

"जेवाया बसलोय साहेब आमी दोघं," ते म्हणाले. "मंग करतो." आणि फोन ठेवून दिला.

आजवर कुठल्याच ऑपरेटरने माझा फोन असा मधेच ठेवला नव्हता. मला फार बरं वाटलं.