जड पुढं, हलकं मागं

तीस वर्षं मी हायस्कूलला विज्ञान शिकवलं. त्यात तरफेचा धडा म्हणजे माझा हातखंडा. फळ्यावर एक आडवी रेघ, तिच्याखाली त्रिकोण, रेघेच्या एका टोकाला हत्ती आणि दुसऱ्या टोकाला मुंगी. "वजन किती आहे ते नंतर, आधी टेकू कुठं आहे ते बघा," असं म्हटलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा माना वर करायची. ही माहिती आधीच देऊन ठेवतो. पुढं जे झालं ते एखाद्या अडाण्याच्या हातून झालं असतं, तर त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं.

माझी बायको अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीची, माहेरची भाषा कन्नड. लग्न होऊन सोलापुरात आली आणि सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत कडक भाकरी करू लागली. आधी घरापुरती, मग शेजाऱ्यांसाठी, मग दुकानांसाठी. मी रिटायर होईपर्यंत तिच्या हाताखाली दोन बायका आल्या होत्या आणि आमच्या हॉलमध्ये माझ्या खुर्चीपेक्षा भाकरीच्या खोक्यांना जास्त जागा होती. चार लोकांत मी तिचं कौतुक करायचो. घरात मात्र "तुझं ते भाकरीचं" एवढंच म्हणायचो.

त्या भाकरीच्या जोरावर तिनं एक बंद ट्रेलर घेतला. आइस्क्रीमच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या एका माणसानं तो विकायला काढला होता. पत्र्याची चौकोनी खोली, खाली दोन चाकं, बाजूला वर उचलायची खिडकी, मागं दार आणि पुढं गाडीला अडकवायची लोखंडी दांडी. ती त्याला डबा म्हणायची. रिकामा डबा हलवायलासुद्धा चार माणसं लागायची. तो ओढायला होती आमची जुनी, लहानशी एसयूव्ही. एसयूव्ही म्हणजे आपली कागदोपत्री. माझ्या नोकरीची शेवटची पंधरा वर्षं तिनं मला शाळेत नेलं आणि आणलं होतं. दोघांचीही उमेद संपत आली होती. वेल्डिंगवाल्यानं तिच्या मागं हुक बसवला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून विचारलं, "सर, हीच गाडी न्हवं?"

माळशिरसला कृषी प्रदर्शन होतं. बायको तीन वर्षं अर्ज करत होती, यंदा जागा मिळाली. अट एकच: पहिल्या दिवशी दुपारी चारच्या आत डबा जागेवर उभा पाहिजे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. तो कागद तिनं फ्रीजच्या दारावर चिकटवला होता. येता-जाता ती त्याच्याकडं बघायची. आमच्या लग्नाच्या फोटोकडं तिनं इतक्या वेळा कधी बघितलेलं मला आठवत नाही.

डबा भरायचं काम मी अंगावर घेतलं. त्यामागं शास्त्र होतं. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, एसटीच्या शेवटच्या सीटवर बसायचं नाही. सगळे हिसके मागं बसतात. अक्कलकोटच्या गाडीत माझी हाडं खिळखिळी करून मी हा पुरावा गोळा केला होता. कडक भाकरी तर पापडासारखी, हिसका बसला की गेली. तेव्हा भाकरीची सगळी खोकी पुढं. ज्वारीची पोती, शेंगदाण्याची पोती, चटणी कुटायचं दगडी उखळ, गॅसच्या टाक्या, पाण्यानं भरलेली टाकी, म्हणजे हिसक्यानं ज्याचं काही बिघडत नाही ते सगळं मागं, दाराशी. उतरवायलाही सोयीचं. मी अगदी खूश होतो.

बायको डब्याला विभूती लावून नारळ फोडायला आली. तिनं आत डोकावून बघितलं.

"अहो, डबा उलाळ हुतोय."

बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की पुढची बाजू वर उचलते, बैलांच्या मानेवरचं जू उडायला बघतं. त्याला तिच्या माहेरी उलाळ म्हणतात. तिच्या वडलांची बैलगाडी होती, म्हणून हा शब्द तिच्या तोंडी.

"अगं, ही बैलगाडी नाही," मी म्हणालो. "इथं बैल नाहीत, हुक आहे."

"हुकाला मान नसती व्हय?"

मी हसलो. चुकीचं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला दुखवायचं नसलं की मास्तर हसतात, तसा. माझ्याकडं तर डोळ्यांदेखतचा पुरावा होता. डबा जोडल्यावर गाडीची मागची बाजू खाली बसायच्या ऐवजी चांगली चार बोटं वर उचलली होती. खालच्या वॉचमनला बोलावून मी ते दाखवलं. "बघ, एवढा डबा, पण गाडीवर भार शून्य!" तो म्हणाला, "लई भारी, सर." बायकोनं नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं आणि गाडीत येऊन बसली. आम्ही निघालो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

पुण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. सोलापूरच्या रहदारीत कुणाला वेग घेताच येत नाही, हे त्या दिवशी आमच्या पथ्यावर पडलं. पुढं रस्ता मोकळा झाला, मी साठच्या पुढं गेलो. मोहोळच्या अलीकडं एका उतारावर एक मालट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि डबा हलला. आधी तो मला डाव्या आरशात दिसला, मग उजव्या, मग परत डाव्या. गाडीला कुणीतरी शेपटीला धरून झुलवत होतं. मी ब्रेक दाबला, तसा डबा जास्तच चेकाळला. बायकोनं समोर दोन्ही हात टेकले आणि ती कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटू लागली. देवाचं असावं, माझ्याविषयीही असू शकेल. मी पाय काढून घेतला, गाडी हळूहळू शांत झाली आणि एका पंक्चरच्या दुकानासमोर कडेला जाऊन थांबली.

मी भ्यायलो होतो, सरळ सांगतो.

पंक्चरवाला बाहेर आला, त्यानं गाडी बघितली, डबा बघितला. "सर, गाडी बारकी हाय. तिच्यानं न्हाय व्हायचं. माघारी जावा."

मला त्या माणसाचा फार आधार वाटला. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथं तर अंगण वाकडं असल्याचा दाखला परका माणूस आपणहून देत होता. मी जाहीर केलं, डबा इथंच सोडायचा, आपण घरी जायचं, उद्या टेम्पो करून न्यायचा.

"उद्या?" बायको म्हणाली. तिनं घड्याळात बघितलं. पाऊण वाजला होता. "उद्या नेऊन काय करायचं?"

उत्तर नसलं की मी कामाला लागतो. मी मागं गेलो आणि हुकाची खीळ ओढली.

दांडी माझ्या हनुवटीच्या पुढ्यातून सणकन वर गेली. बोटभर अंतर राहिलं असेल. डबा मागच्या टोकावर धाडकन बसला, दांडी आभाळाकडं तोंड करून उभी राहिली आणि आतून खोकी घसरल्याचा आवाज आला. त्याच्या पाठोपाठ एक कुरकुर सुरू झाली, ती बराच वेळ थांबेना. पंधरा दिवस खपून केलेल्या भाकऱ्या मोडत होत्या. पंक्चरवाला म्हणाला, "आयला."

मी आ वासून बघत राहिलो. फळ्यावर हजारदा काढलेली आकृती समोर उभी होती. आडवी रेघ म्हणजे डबा, त्रिकोण म्हणजे चाकं, हत्ती मी स्वतःच्या हातानं मागं बसवलेला. पोरांना मी नेहमी म्हणायचो, पुढचं पाठ, मागचं सपाट. मास्तरचं पुढचंही सपाट होतं.

बायकोनं पदर खोचला, टाचा उचलून दांडी धरली आणि चक्क तिला लोंबकळली. रस्त्यानं जाणारी एसटी हळू झाली, खिडक्यांतून डोकी बाहेर आली. दांडी नाइलाजानं थोडी खाली आली.

"हुभे काय राहिलाय? धरा की!"

मी धरली. पंक्चरवाल्यानं चाकांना दगड लावले आणि डब्याच्या मागच्या टोकाखाली जुने टायर सरकवले. दम खात खात ती म्हणाली, "लहानपनी बाजारातनं येताना गाडी उलाळ झाली की आण्णा मलाच म्होरं दांडीवर बशिवायचे. घरापतुर तशीच यायची मी." म्हणजे मी जे पुस्तकातून शिकवत होतो, त्यातली मुंगी म्हणून ही बाई बालपणभर बसलेली होती. मी मात्र सकाळी हसलो होतो.

मग तिनं सूत्रं हातात घेतली. आधी भाकरीची खोकी खाली, मग पोती, उखळ, टाक्या सगळ्या पुढं. पाण्याची टाकी तिनं निम्मी ओतून दिली. शेवटी खोकी मागं दाराशी जायला लागली तेव्हा माझ्यातला शास्त्रज्ञ परत जागा झाला.

"अगं, मागं ठेवलीस तर उरलेल्याही मोडतील. एसटीत बघ..."

"बेडरी," ती म्हणाली, म्हणजे नको हो. "मोडू दे. पोचलोच न्हाय तर आख्ख्या भाकरीचं काय करू, आरती ओवाळू?"

खोकी मागं गेली. तिनं मला दांडी उचलायला लावली. "जरा कष्टानं उचलली पायजे. लई जड बी न्हाय अन् हलकी तर न्हायच." दोन पोती मागं-पुढं केल्यावर तिचं समाधान झालं. डबा जोडला, गाडीची मागची बाजू खाली गेली. मला वाटलं, आता स्प्रिंग गेल्या. ती म्हणाली, "आता बसली बघा."

दीड वाजता निघालो. मालट्रक येत होते, जात होते, डबा मागून मुकाट येत होता. चढावर गाडी दुसऱ्या गियरमध्ये कण्हायची, तरी चढायची. मी साठच्या पुढं गेलो नाही. सबंध रस्ता मी एका वाक्याची वाट बघत होतो, 'सकाळीच म्हनले हुते न्हवं?' ते तिला शोभलं असतं, मला सोसलं असतं, फिट्टंफाट झाली असती. पंढरपूर गेलं, वेळापूर गेलं. ती फक्त घड्याळ बघत होती. चहाला थांबू या का म्हटलं तर मान हलवून नाही म्हणाली.

चारला बारा मिनिटं कमी असताना आम्ही प्रदर्शनाच्या फाटकातून आत गेलो. डबा उलटा घेऊन जागेवर लावणं मला जमेना. मी स्टिअरिंग डावीकडं वळवलं की डबा उजवीकडं जायचा. शेवटी सहा माणसांनी तो हातानं ढकलून लावला. नोंदणीवाल्यानं कागदावर खूण केली. बायको डब्याच्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून दोन मिनिटं रडली. मग उठून तवा चढवला.

चार खोक्यांचा चुरा झाला होता. तिनं त्यावर दही, शेंगाचटणी आणि कांदा घालून प्लेटा लावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चुरा संपला आणि लोक अजून मागत होते, तेव्हा ती चांगल्या भाकऱ्या हातानं चुरायला लागली. मी कळवळलो. ती म्हणाली, "मोडूनच खात्यात की भाकरी." ज्या मोडण्याच्या भीतीनं मी दोघांचा जीव धोक्यात घातला, ते गिऱ्हाईक पैसे देऊन करून घेत होतं.

तिसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता शेती खात्यात साहेब आहे. बरोबर त्याचे चार सहकारी. गाडीकडं बघून त्यानं विचारलं, "सर, एवढ्याशा गाडीनं एवढा डबा ओढला कसा?"

मी तोंड उघडायच्या आत तवा पुसता पुसता बायको म्हणाली, "तुमच्या सरांचा हिशेब. जड म्होरं, हलकं मागं. विज्ञानाचे सर हायत, त्यास्नी सांगाय लागतंय व्हय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी मान हलवली.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. मी खिशातलं पेन काढलं, एक रिकामं खोकं पालथं घातलं आणि त्यावर रेघ काढली, त्रिकोण काढला, हत्ती काढला. दहा मिनिटं बोललो. ते सगळे माना डोलवत होते, साहेबानं फोटो काढला. दांडीला लोंबकळलेली बाई माझ्या आकृतीत कुठंच नव्हती. ती माझ्या पाठीमागं भाकरी भाजत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

शेवटच्या दिवशी डबा मी एकट्यानं भरला. पोती पुढं, उखळ पुढं, रिकामी खोकी मागं. दांडी दोन्ही हातांनी उचलून बघितली आणि तिला हाक मारली.

"जरा बघतेस का, बरोबर आहे का?"

तिनं हात पुसले. दांडीकडं बघितलंसुद्धा नाही.

"तुमालाच म्हाईत की," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं."

आणि पुढं जाऊन गाडीत बसली. मी दांडी हातात धरून तिथंच उभा राहिलो. ती जेवढी हवी तेवढी बरोबर जड होती.