लाल रंगाची तपासणी

मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे माझ्या डाव्या डोळ्याची नस सुजली. सूज ओसरली, तरी त्या डोळ्याला लाल रंग विटकरीच दिसत राहिला. नंदुरबारला ही उणीव विसरणे अवघड आहे. हिवाळ्यात गावाबाहेरच्या मोकळ्या जागा वाळत घातलेल्या मिरचीने भरलेल्या असतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावरचे माझेच अक्षर धूसर वाटू लागले, तेव्हा मी बसून शिकवू लागले. पुढे नोकरीच सोडावी, असे मनाने घेतले.

सुरतेच्या डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला. बहुतेक ओळी वाचूनही मला दिसत नाही, असे मी ठामपणे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही; झोपेविषयी, भुकेविषयी विचारत गेले. नसेची इजा खरी आहे, ते म्हणाले, पण नैराश्यही आहे, आणि त्यामुळे स्वतःच्या दृष्टीबद्दलचा तुमचा अंदाज आणखी खालावतो. दोन्हींवर उपचार करू. म्हणजे मी ढोंग करते का, या विचाराने परतीची वाट कडू झाली. गोळ्या मात्र सुरू केल्या.

काही आठवड्यांनी घरी मसाल्याची मिरची निवडायची होती. वाळताना रंग उडालेल्या मिरचीला आमच्याकडे फटकी म्हणतात. ती बाजूला काढावी लागते. मी नाही म्हटले. सासूबाईंनी सूप माझ्यापुढे सरकवले.

"मास्तरीणबाई, पोरेस्ले सांगस ना, करी देखा म्हनीसन? मंग तू बी करी देख."

मी निवडले. त्यांनी दोन्ही ढिगांतून हात फिरवला आणि फटकीतून मूठभर मिरच्या उचलल्या.

"फटकी एक बी सुटनी नही. चांगलीच फटकीमा टाकी दिनी तू."

चुका सगळ्या एकाच बाजूच्या होत्या: फटकी चांगल्यात गेली नव्हती, चांगल्या मिरच्या तेवढ्या फटकीत गेल्या होत्या. अशा वेळी आधी मोजण्याची रीत तपासावी, हे मी मुलांना नेहमी सांगते. मी आठवून पाहिले: त्या मिरच्या हातात घेतल्या तेव्हा मला लालच दिसल्या होत्या. माझा डोळा चुकत असणार, असे गृहीत धरून मीच त्या फटकीत टाकल्या होत्या.

नोकरी सोडणार नाही, असे मी मुख्याध्यापकांना सांगितले. डाव्या डोळ्याला लाल अजूनही विटकरी आहे. गोळ्याही चालू आहेत. फळ्यावर आता मी पिवळ्या खडूने, मोठे लिहिते. अक्षर धूसर वाटले, तर शेवटच्या बाकापाशी जाऊन ते वाचून पाहते, आणि मगच काय ते ठरवते.