हाताचं बाळंतपण

आमच्या करडी गावाकडे रोवणीच्या दिवसांत बाया चिखल केलेल्या बांधीत ओळीनं वाकतात आणि मागे मागे सरकत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत जातात. त्या ओळीची पहिली बाई मी. हे मी फुशारकीनंच सांगते. पहिलीचा हात जसा चालतो तशी सगळी ओळ चालते, आणि माझ्या हाताशी बरोबरी करणारी बाई गावात नव्हती.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. डोक्यावर पऱ्ह्यांचं ओझं घेऊन शेताच्या निसरड्या धुऱ्यावरून येत होते, पाय घसरला. उजवा हात टेकवला आणि मनगट मोडलं. घरच्यांनी आधी हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या. आठ दिवसांनी हात सुजून कोहळ्यासारखा झाला, तेव्हा कुठं आम्ही एसटीनं भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरांनी ऑपरेशन करून हाडात दोन तारा घातल्या, वर प्लास्टर. घरी सोडताना म्हणाले, "बोटं हलवत राहा, बाई." मी हो म्हटलं.

पण घरी माझ्या सासूबाई होत्या. जीव लावणारी बाई. त्यांच्या हिशोबानं मोडलेला हात म्हणजे ओली बाळंतीणच. हाताला वारा लागू द्यायचा नाही, थंड पाणी लावायचं नाही, लोकरीच्या फडक्यात गुंडाळून पदराखाली ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ शेगडीचा शेक. धाकटी जाऊ मला घास भरवायची. बोट जरा हललं की सासूबाई म्हणायच्या, "काहून हलवून राहिली माय? कच्चं हाड हाये, निसटून जाईन."

मलाही भीती वाटायचीच. जिवापाड दुखायचं, झोप लागायची नाही, आणि डोक्यात एकच घोळायचं, की आता पहिल्या जागी दुसरी कोणी उभी राहणार.

तारा आणि प्लास्टर निघालं तेव्हा हात काटकीसारखा झालेला आणि बोटं खुंटीसारखी ताठ. मूठ अर्धीसुद्धा वळेना. डॉक्टर विचारू लागले, पहिल्या दिवसांत किती दुखलं, झोप येते का, हात हलवायची भीती वाटते का?

मी सगळं सांगितलं, पण मला रागच आला. "डॉक्टरसाहेब, मनगट मोडलं माहं. झोपेचं कायले विचारता?"

ते शांतपणे म्हणाले, "हाड छान जुळलं आहे. पण हाड जुळलं म्हणजे दुखणं गेलं, असं नसतं. सुरुवातीला ज्याला फार दुखलं, ज्याची झोप गेली, जो घाबरून हात हलवत नाही, त्याचं दुखणं मुरायची भीती जास्त. वर्षानुवर्षं राहू शकतं. तुमच्यात तिन्ही गोष्टी आहेत."

"आन् आठ दिवस उशीर केला, ते?"

"तेही धरा."

"म्हणजे आता दुखतच राहीन?"

"राहीलच असं नाही. रोज हात चालवा. दुखेल, पण दुखलं म्हणजे हाड तुटतंय, असं समजू नका."

हे वाक्य मी गाठीशी बांधून घरी आणलं. सासूबाईंना ते पटलं नाही. "त्या डॉक्टरले काय जाते? त्याच्या सुनेचा हात हाये का तो?"

मी म्हटलं, "आत्याबाई, बाळंतीणही सव्वा महिन्यानं उठते. माह्या हाताले दोन महिने होऊन गेले. अजून किती दिवस खाटेवर ठेवता त्याले?"

त्या उठल्या. आतून पळसाच्या पानांचा गठ्ठा आणि बांबूच्या काड्या आणून माझ्यापुढं ठेवल्या. "उठली ना बाळंतीण? मंग लाव कामाले."

नवरात्राच्या जेवणासाठी पत्रावळी लावायच्या होत्या. पान चिमटीत धरायचं, काडी टोचायची, मोडायची. पहिल्या पत्रावळीला मला सकाळची दुपार झाली, डोळ्यांतून पाणी आलं. जावेनं ती उचलून उजेडात धरली. "बाई, याच्यात वरण वाढलं तं सरळ मांडीवर येईन." सासूबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या.

मी सोडलं नाही. रोज पत्रावळी, मग कणीक, मग धुण्याचे पिळे. कमी कमी होत दुखणं थंडीपुरतं उरलं, ते आजही आहे. झोप मात्र दिवाळीआधीच परत आली. होळीपर्यंत माझी मूठ पूर्ण वळली.

पुढच्या पावसाळ्यात रोवणी लागली. सासूबाई म्हणाल्या, "यंदा मधात उभी राय." मी ऐकलं नाही, पहिल्या जागी जाऊन वाकले. पहिली दोन हात जागा लावून होईस्तोवर मनगट ठणकत होतं. ठणकू दिलं. मग हाताला त्याची जुनी चाल सापडली, चिखलात पऱ्हे एकामागून एक रुतत गेले, आणि मान वळवून बघते तो ओळ तिरकी झालेली, बाया मागं पडलेल्या.

जाऊ ओरडली, "जरा हळू ना बाई. आमचे दोन्ही हात धड हायेत, तरी पुरून नाही राहिले."

मी काही हळू झाले नाही.