दुसरी पिशवी

बाबांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. फुटली तर हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचणार नाहीत, असं सर्जननी तोंडावर सांगितलं. पोट न फाडता, जांघेतून नळी घालून आतून अस्तर बसवायची पद्धत तेव्हा पुण्यात नवी होती. "रक्त कमी जातं, पण जातं. दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय मी हात लावणार नाही," ते म्हणाले.

दोनच ना, मग चिंता कसली! हिंजवडीच्या ऑफिसात मी सगळ्यांना मेल टाकली आणि दुसऱ्या दिवशी ब्लड बँकेत ही गर्दी. बाबांचा ग्रुप ओ, असं आम्ही जन्मभर समजत होतो. पण एक पिशवी जुळेल तर शपथ. शेवटी कळलं, तो ओ नव्हताच. बॉम्बे ग्रुप होता. साध्या तपासणीत ओसारखा दिसतो, पण त्याच ग्रुपचं सोडून दुसरं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. ओळखीच्या ओळखीतून मुंबईहून एक पिशवी थर्मोकोलच्या डब्यातून आली. दुसरी कुठेच मिळेना.

"सख्ख्या भावंडांत सापडायची शक्यता जास्त असते," ब्लड बँकेतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, लगेच कामाला लागले. स्वतःचं रक्त तपासून घेतलं, मुलांचं घेतलं, चुलतभावांना बोलावलं, गावाकडच्या लांबच्या पुतण्यांना जीपमध्ये कोंबून आणलं. सगळे मोठ्या ऐटीत बाह्या सरसावून बसले. एकाचंही जुळलं नाही.

"भावंडं सगळी झाली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"झाली की," काका म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "आणि आत्या?"

आत्या या दोघांची एकुलती एक बहीण. खडकवासल्याच्या पलीकडे, एका लहानशा गावात दिलेली.

"अगं, ती आता सासरची. त्यांना विचारावं लागेल. आणि बाईमाणसाचं कुठं रक्त काढत बसायचं?"

काका वाईट नव्हते हो, हेच तर दुखणं. बाबांचा जीव वाचावा म्हणून ते दोन रात्री झोपले नव्हते. पण भावंडं म्हटलं की आमच्या घरात भाऊच मोजायचे, आणि बहीण त्यांना खरोखरच आठवली नव्हती. "काका, मलाही कुणी तपासायला सांगितलं नाही, मी आपणहून गेले, जुळलं नाही हा भाग वेगळा," असं मी इतक्या जोरात ओरडले की दारातला वॉचमन खुर्चीवरून उठला.

गावातल्या दुकानात फोन करून आत्याला बोलावून घेतलं. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "दादा बरा हाय ना अजून? मग निघते मी."

भाकरी खाऊन, मिळेल ती बस पकडून ती दुपारी हॉस्पिटलसमोरच्या रस्त्यावर उतरली. "घरी विचारलंस?" काकांनी दबकत विचारलं. "विचारलं न्हाई. सांगितलं," ती म्हणाली. माझी आत्या! त्याच क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की भर रस्त्यात तिला मिठी मारावीशी वाटली.

सुई बघितल्यावर मात्र तिनं डोळे गच्च मिटले आणि माझा हात असा दाबला की बांगडी वाकली. रिपोर्ट आला. जुळलं होतं! वजन, हिमोग्लोबिन सगळं नियमात बसलं, आणि संध्याकाळपर्यंत बाबांची दुसरी पिशवी तयार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना आत नेलं. अस्तर नीट बसलं, पण जाड नळी बाहेर काढताना जांघेतली रक्तवाहिनी फाटली. सिस्टर धावत येऊन मुंबईची पिशवी घेऊन गेल्या. थोड्या वेळानं त्या पुन्हा धावत आल्या. "दुसरी आणा, लवकर!" काका भिंतीला टेकले. पिशवी आमच्या समोरून गेली तेव्हा आत्या पुटपुटली, "जा बाई, जा." सिस्टरना म्हणाली की पिशवीला, कोण जाणे. आता तिसरी पिशवी नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

अखेर सर्जन बाहेर आले. टोपी काढून म्हणाले, "रक्त थांबलंय. पहिल्या पिशवीनं भागलं नव्हतं. दुसरी नसती तर मला तुम्हाला वेगळंच काही सांगावं लागलं असतं."

बाबा शुद्धीवर आल्यावर आयसीयूत एकालाच सोडणार होते. काका सवयीनं पुढे झाले. दारापर्यंत गेले, थांबले, आणि बाजूला सरकून त्यांनी आत्याला वाट करून दिली.

"तुम्ही पेशंटच्या कोण?" सिस्टरनी विचारलं.

आत्यानं पदर सारखा केला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बहीन हाय मी त्याची. सख्खी."